अकरा महिन्यांचं घर

रविवारी सकाळी नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर थांबलं की एजंट ओळखायला वेळ लागत नाही. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो. प्रत्येक किल्लीला डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'बी-३०४', 'टेरेसवाला', 'मॅडम अमेरिका'. त्याच्या स्कूटरमागे दुसऱ्या गाडीवर एखादं नवरा-बायकोचं जोडपं, नाहीतर पाठीला सॅक अडकवलेला पोरगा. दीड तासात चार घरं बघून होतात. एका घराला फार तर सात-आठ मिनिटं. "हवा भरपूर आहे बरं का सर," असं म्हणत एजंट खिडकी उघडतो आणि पोरगा मान डोलावतो. मंडईत मेथीची जुडी निवडायला माणूस याहून जास्त विचार करतो.

हा पोरगा साधारण असा असतो: सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, घर जळगावकडे, पगार पंचवीस हजारांच्या आत-बाहेर. वर्षभर मित्रांच्या खोलीवर गादी टाकून काढलं, आता लग्न ठरलंय. म्हणून 'वन बीएचके' हवा आहे. कारखान्यातल्या पोरांशिवाय इतरही गिऱ्हाईक असतं. बदलीवर आलेले बँकवाले, म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात कामाला लागलेले लोक, इस्पितळांतल्या नर्स. शिवाय पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून मुंबईची नोकरी टिकवणारे. त्यांना नाशिकरोड स्टेशनपासून लांबचं घर फुकट दिलं तरी परवडत नाही. २०११च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्यानंतर शहर पाथर्डी, आडगाव, मखमलाबाद अशा सगळ्या बाजूंनी पसरलं, आणि या नव्या इमारतींतलं सर्वांत जास्त मागणीचं घर म्हणजे हॉल, किचन आणि एक बेडरूम.

मुंबई-पुण्याच्या भाड्याच्या घरांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. तालुक्याच्या गावात हा विषयच नसतो. ओळखीत कुणाच्या तरी माडीवर दोन खोल्या मिळून जातात. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, अकोला ही शहरं या दोन्हींच्या मधली. इथे ॲपवर फोटो आणि भाडं दिसतं खरं, पण घर मिळतं ते ओळखीच्या दाराने. ॲपवरच्या नंबरावर फोन लावला की मालक भाड्याचं बोलतच नाहीत. आधी "कुठले तुम्ही?", मग "कुठे कामाला?", मग "फॅमिली ना?" आणि या सगळ्यात कुठेतरी, सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव कशासाठी हवं असतं हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही" हे वाक्य पुष्कळदा स्वयंपाकघराबद्दल नसतंच. "ते घर कालच गेलं हो" हे उत्तर ज्यांना पुनःपुन्हा मिळतं, त्यांना ते घर पुढचे दोन महिने ॲपवर तसंच दिसत राहतं.

एकट्या माणसाची गोष्ट वेगळी. 'बॅचलर' हा शब्द या बाजारात वयाचा किंवा लग्नाचा राहिलेला नाही, तो एक आरोप झाला आहे. एकटी राहणारी नोकरदार बाई, घटस्फोटित माणूस, आईला घेऊन राहणारा मुलगा, सगळ्यांना आधी खुलासा द्यावा लागतो. गंमत अशी की एमआयडीसीच्या आसपास हेच मालक तीन बॅचलरना एक वन बीएचके आनंदाने देतात, कारण तिथे भाडं माणशी ठरतं आणि तिघांचं मिळून एका कुटुंबापेक्षा जास्त होतं. लातूरला याच घराचा तिसराच उपयोग आहे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी मुलगा-मुलगी लातूरला, सोबत आई, आणि बाबा गावी शेती नाहीतर नोकरी सांभाळत. दोन वर्षांपुरतं अर्धं कुटुंब वन बीएचकेत राहतं. बेडरूम मुलाच्या अभ्यासाला आणि आई हॉलमध्ये.

घर बघताना पहिला प्रश्न काय विचारावा, हे शहराप्रमाणे बदलतं. त्यावरूनच माणूस बाहेरचा की इथला, ते कळतं.

छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीसारखं धरण उशाला असूनही विचारायचं असतं, "पाणी कितव्या दिवशी?" कारण तिथे नळाला रोज पाणी नसतं, उन्हाळ्यात आठवडाभराचीही वाट पाहावी लागते. म्हणून तिथे बेडरूमच्या मापापेक्षा इमारतीखालच्या टाकीचं माप महत्त्वाचं. सोलापूरकरही वर्षानुवर्षं काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावरच घर निवडत आलेत. कोल्हापूर-सांगलीत प्रश्न उलटा आहे: "एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं?" ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१मध्ये पंचगंगा आणि कृष्णा घराघरांत शिरल्या. कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल भागात किंवा सांगलीत शामरावनगरकडे तळमजल्याचं घर स्वस्त मिळालं, तर ते का स्वस्त आहे हे आधी विचारावं. जिन्याजवळच्या भिंतीवर रंगाच्या दोन थरांखाली पाण्याची रेघ कधी कधी अजून दिसते. अकोला, चंद्रपूरकडे वरचा मजला कुणी सहजी घेत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकत असतो, म्हणून तिथला भाडेकरू आधी कूलर बसेल अशी खिडकी शोधतो आणि त्या खिडकीजवळ नळ आहे का ते बघतो.

नाशिकचा प्रश्न इतका नाट्यमय नाही. तिथे विचारतात, "टँकर मेंटेनन्समध्ये की वेगळा?" गंगापूर धरणाचं पाणी आहे, पण शहराच्या कडेच्या नव्या इमारतींत बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं, आणि जाहिरातीतलं भाडं व प्रत्यक्ष महिन्याचा खर्च यांच्यातला फरक तिथेच लपलेला असतो. सिडकोत गेलात तर प्रश्न आणखी बदलतो. सिडकोने बांधलेल्या मूळच्या छोट्या घरांवर मालकांनी मजले चढवले आणि वरचे मजले भाड्याने दिले. तिथे घर हवेशीर आहे का, यापेक्षा जिना स्वतंत्र आहे की मालकांच्या हॉलमधून जातो, ते आधी बघायचं.

त्या सात-आठ मिनिटांत आणखी काय बघावं? स्वयंपाकघराचा नळ पूर्ण सोडावा आणि त्याच वेळी बाथरूमचाही. दोन्ही धारा टिकल्या तर टाकी ठीक आहे. न्हाणीच्या जाळीजवळ वाकून वास घ्यावा. लाजायचं कारण नाही, वर्षभर तो वास आपल्याच वाट्याला येणार असतो. खिडकीखालच्या भिंतीवर तळहात ठेवावा. नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली तर ओल झाकली असण्याची शक्यता मोठी. बेडरूमच्या कोपऱ्यात उभं राहून फोन लावून बघावा. आणि सर्वांत खात्रीची माहिती इमारतीबाहेर मिळते. खालचा किराणावाला, इस्त्रीवाला, वॉचमन यांना आधीचा भाडेकरू का गेला हे हमखास ठाऊक असतं. एजंटच्या पाठोपाठ लगेच निघून न जाता दहा मिनिटं खाली चहा घेतला तर पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

घर पसंत पडलं की 'टोकन' येतं. "दोन पार्ट्या अजून येणारेत," हे एजंटचं वाक्य ठरलेलं. ऐकून घ्यावं आणि टोकन दिलंच तर मालकाच्याच खात्यात द्यावं. घर त्याचंच आहे याची खूण म्हणजे घरपट्टीची पावती, महावितरणचं बिल किंवा खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात तो कागद. यातला एखादा मागितला म्हणून भला मालक रागावत नाही. ऑनलाइन ठगांनी हा बाजार चांगलाच ओळखला आहे, आणि फसतात ते फक्त भाडेकरू नाहीत. "मी लष्करात आहे, तुमच्या गावी बदली झाली, घर न बघताच घेतो, डिपॉझिटसाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा," असा फोन मालकांना येतो. देवळालीला तोफखान्याचं केंद्र असल्यामुळे नाशिकच्या मालकाला त्यात खोटं काही वाटत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. यायला पिन लागतच नाही.

आता पैशांचं. समजा भाडं दहा हजार ठरलं आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं. किल्ली हातात येण्याआधी तीस हजार डिपॉझिट, दहा हजार पहिलं भाडं, एजंटने एका महिन्याचं भाडं मागितलं तर आणखी दहा, कराराचा खर्च आणि सामानाचा टेम्पो. बावन्न-त्रेपन्न हजारांचा आकडा होतो, म्हणजे आपल्या त्या पोराचे दोन पगार. लग्नाच्या खर्चातून हे कसं काढायचं, हा घरचा प्रश्न. तो पुष्कळदा सासऱ्यांकडून उसने घेऊन सुटतो आणि मग वर्षभर जेवणाच्या पंगतीत निघतो.

आणि मग येतो कागद. हा सगळा लेख खरं तर या कागदासाठी.

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना जो करार होतो तो बहुतेक वेळा भाडेकरार नसतोच. तो असतो 'लिव्ह अँड लायसन्स'. त्यात मालक हा 'लायसेन्सर' आणि राहणारा 'लायसेन्सी'. म्हणजे कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नाहीच, परवानगीने राहणारा माणूस आहे. १८८२च्या ईझमेंट्स ॲक्टमध्ये लायसन्सची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची मुभा, जिच्यामुळे त्या जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ज्या घरात आपण देव्हारा मांडला, पडदे लावले, बाळाची पाळण्याची दोरी छताच्या हुकाला अडकवली, त्या घरात कागदावर आपण फक्त परवान्यावर आहोत.

ही शब्दांची कसरत कुठून आली, हे कळलं तर मालकांच्या निम्म्या वागण्याचा उलगडा होतो. मुंबई राज्यात १९४७चा भाडेनियंत्रण कायदा होता. त्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणं अवघड झालं. त्यातून सुटायला मालकांनी भाड्याऐवजी 'लायसन्स' द्यायला सुरुवात केली. मग १९७३मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसेन्सी म्हणून घरात राहत होते, ते भाडेकरू मानले जातील. एका तारखेने असंख्य घरांची बाजू पालटली. "एकदा आत घेतला की निघत नाही" ही भीती घराघरांत तेव्हा जी रुजली ती अजून निघालेली नाही. मालकाच्या नातवालाही ती वारशात मिळाली आहे, १९७३ साली काय झालं ते त्याला ठाऊक नसलं तरी.

विदर्भ आणि मराठवाडा यांचे कायदे तेव्हा वेगळेच होते. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९चा भाडे नियंत्रण आदेश, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४चा कायदा. राज्य एक झाल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं घरभाड्याच्या बाबतीत महाराष्ट्र तीन तुकड्यांतच होता. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ आला, तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि हे तिन्ही कायदे संपले. आज नाशिक, अकोला आणि संभाजीनगरच्या वन बीएचकेला लागू आहे तो हाच कायदा.

त्याचं कलम २४ मालकाच्या बाजूचं आहे. लायसन्सची मुदत संपली की घर रिकामं करून द्यायचं. न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणजे "निघत नाही"ची भीती कायद्याने बरीचशी पुसली आहे. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हेही तसंच खोटं. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षं झाली तरी विरोधी ताबा होत नाही.

कलम ५५ मात्र भाडेकरूच्या बाजूचं आहे आणि त्याची कुणाला फारशी खबर नसते. हा करार लेखी असलाच पाहिजे आणि तो नोंदवलाच पाहिजे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवलेला नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग लोक अकरा महिन्यांचाच करार का करतात? १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून सुटायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुळली. महाराष्ट्रात कलम ५५ने ती पंचवीस वर्षांपूर्वीच बुजवली. तरी अकराचा आकडा काही सुटला नाही. अजून कोर्टाच्या आवारात स्टॅम्प पेपरवर छापील मजकूर, दोन सह्या, नोटरीचा गोल लाल शिक्का, आणि "झालं काम, नोंदणीची गरज नाही, अकराच महिन्यांचा आहे," असं ठणकावून सांगणारा माणूस भेटतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. तो शिक्का गॅस एजन्सीत चालून जाईल. वाद उभा राहिला की त्याच्याकडे कुणी बघत नाही.

नोंदणी महाग म्हणावी तर तसंही नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेवर. वरच्याच उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं १,१०,००० रुपये. तीस हजारांच्या डिपॉझिटवर अकरा महिन्यांचे २,७५० रुपये. बेरीज १,१२,७५०, त्याचा पाव टक्का साधारण २८२ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ती कुणी भरायची हे आपापसांत ठरतं, बहुतेकदा निम्मी-निम्मी. आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सोयीमुळे लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरीच येतो.

हा अंगठ्याचा कार्यक्रम एकदा बघण्यासारखा असतो. मालकीण सत्तरीच्या, आयुष्यभर भांडी घासून, पीठ मळून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन काही त्यांना ओळखत नाही. अंगठा पुसला, तर्जनी लावली, उजवा हात झाला, डावा झाला. कुणीतरी ओला रुमाल आणतं, कुणीतरी खोबरेल. पाचव्या-सहाव्या वेळी हिरवा दिवा लागला की सगळ्यांनाच हायसं वाटतं आणि चहा येतो. भाडेकरूचा फोटो त्याच खुर्चीवर बसून निघतो. मागे मालकीणबाईंच्या दिवंगत यजमानांची हार घातलेली तसबीर, आणि ती करारातल्या फोटोत अर्धवट येते.

नोंदणीला नको म्हणण्याचं खरं कारण बहुतेक वेळा खर्चाचं नसतं, कराचं असतं. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराला वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. म्हणून "पावती ८,३००चीच देईन, वरचे रोख द्या" असा प्रस्ताव येतो. ८,३०० गुणिले बारा म्हणजे ९९,६००. दुसरी धास्ती घरपट्टीची. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे, ती घर भाड्याने दिल्यावर जाते. इतर महापालिकांतही भाड्याच्या घराचा हिशेब वेगळा लागतो. पण मिळकतीवरच्या आयकराचा बाऊ फार केला जातो. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. वर्षाला १,२०,००० भाडं घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न घरपट्टी न धरताही ८४,००० होतं. निवृत्त मालकाला त्यावर पुष्कळदा करच बसत नाही. हे कुणी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं तर निम्मे मालक नोंदणीला तयार होतील, असं वाटतं.

सोसायटीचं प्रकरण वेगळं. घर फ्लॅटमध्ये असेल तर मालक आणि भाडेकरू यांच्या मध्ये सेक्रेटरी नावाची व्यक्ती उभी असते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून 'ना-भोगवटा शुल्क' घेते, जे शेवटी भाडेकरूच्या खिशातून जातं. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने त्यावर मर्यादा आहे: सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही, आणि सेवा शुल्क धरताना त्यात महापालिकेचे कर मोजायचे नाहीत. सेवा शुल्क महिना ८०० असेल तर हे शुल्क ८० रुपये. तरीही 'भाडेकरूंसाठी डबल मेंटेनन्स' असा फलक लिफ्टशेजारी दिमाखात लावलेला दिसतो. "बॅचलर आणि पाळीव प्राणी चालणार नाहीत" हे त्याच फलकाच्या खालच्या ओळीत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम आहे, ते ऑनलाइनही होतं आणि ते टाळू नये. सेक्रेटरीला मात्र त्यापलीकडे आडनावाची आणि स्वयंपाकाची चौकशी करायचं काही कारण नाही.

राहायला गेल्यावर पहिली अडचण गॅसची. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदलेला करार इथे लगेच कामी येतो. तो हातात येईपर्यंत इंडियन ऑइलचा पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो, आणि नव्या संसाराचा पहिला चहा पुष्कळदा त्याच्यावरच होतो. विजेचं बिल मालकाच्या नावाने येत राहतं. बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहून घ्यावा आणि किल्ली घेतली त्याच दिवशी मीटरचा, त्यावरच्या आकड्यासह, फोटो काढावा. मागच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर ती त्या दिवशीच उघडी पडते. भाडं रोख देत असाल तर पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. खात्यात भरलं तर नोंद आपोआप राहते, म्हणून खात्यातच भरावं.

खरा तंटा होतो तो शेवटच्या दिवशी. डिपॉझिट. "रंगाचे आठ हजार, गीझरचे दोन, नळाचे पाचशे," असा हिशेब पुढे येतो आणि वर्षभर 'काका', 'काकू' म्हणून झालेलं बोलणं एका संध्याकाळी आटून जातं. केंद्राने २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. इथे करारात लिहिलेलं असेल तेच खरं. म्हणून करारावर सही करायच्या आधी त्यात तीन गोष्टी शब्दांत आहेत का बघाव्यात: रंगाचा खर्च कुणाचा, घर सोडताना किती दिवसांची नोटीस, आणि डिपॉझिट किल्ली देताना मिळणार की नंतर. पंखे किती, ट्यूब किती, गीझर कुठल्या कंपनीचा, ही यादी कराराला जोडायची सोय असते. ती कोरी सोडू नये. भिंतीवर आधीच असलेल्या खिळ्यांच्या भोकांचेही फोटो काढून मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवावेत. सोबत "काकू, घर छान आहे" असं लिहिलं तर कुणाला वावगं वाटत नाही.

आणि अकरा महिन्यांचा हट्ट सोडावा. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं. नोंदणी फी मुदतीवर नाही, करारावर लागते. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर फी तीन हजार रुपये, तेहतीस महिन्यांचा एकच केला तर एक हजार. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखंच, ८४६ रुपये. वाचलेल्या दोन हजारांत सामानाचा टेम्पो येतो.